कंस की समास?

धुंडिराज महाराज न्हाणीघरातून ओरडतच बाहेर आले. अंगावर लाल चट्टे, कमरेला कसाबसा पंचा, आणि मागे यंत्राचा खराटा अजून फिरतोच आहे!

“मला हत्तीसारखं घासलं कुणी?”

राजवाड्यातलं सगळं संगणकावर चालायचं. कुणाला किती ऊन पाणी, कुणाला किती घासायचं, हे एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिलेलं. तिचा फॉरमॅट, म्हणजे लिहिण्याची पद्धत, दरबारातल्या समासशास्त्रींची. कुठली ओळ कुणाची, हे समासात सोडलेल्या जागेवरून ठरायचं. महाराजांची ओळ जराशी सरकली आणि थेट गजशाळेत जाऊन बसली!

“तरी मी सांगत होतो, ज्याच्या त्याच्या ओळी महिरपी कंसात कोंडा!” त्यांचे प्रतिस्पर्धी कंसशास्त्री गरजले.

“आणि तुमच्या कंसांत एक स्वल्पविराम राहिला की अख्खा राजवाडा बंद! त्याचं काय?” समासशास्त्री उसळले.

दोघांची अशी जुंपली की महाराजांचं डोकंच उठलं. समोर यंत्रं सांभाळणारी सगुणा दिसली.

“ए पोरी! फाइलीतल्या ओळी तूच बदलतेस ना? संध्याकाळपर्यंत असा फॉरमॅट निवड, की ज्याला कुणीही नावं ठेवणार नाही. नाहीतर नोकरी गेली समज!”

दुसऱ्याच्या फॉरमॅटला नावं न ठेवणारा शास्त्री आजवर जन्मला होता कुठे! नोकरीबरोबर राहती खोलीही जाणार, म्हाताऱ्या आईला घेऊन जायचं कुठे? दुपारभर सगुणा विचार करत बसली, आणि एकाएकी खुदकन हसली.

संध्याकाळी दरबारात ती म्हणाली, “महाराज, एकच अट. ज्यांचा फॉरमॅट निवडला जाईल, त्यांनीच राज्यातल्या यच्चयावत फाइली जन्मभर दुरुस्त करायच्या!”

“मंजूर!”

कंसशास्त्रींनी घसा खाकरला.

“तसं पाहिलं तर... समास दिसतो मात्र देखणा हं!”

“छे छे! कंसांची शिस्त म्हणजे काय विचारता!” समासशास्त्री घाईघाईने म्हणाले.

“तुमचा वाचायला सोपा!”

“तुमचा भक्कम!”

“अगं, पण तू निवडलास कोणता?” महाराजांनी विचारलं.

“तुम्ही बोट ठेवाल तो! दोन्ही फॉरमॅटची आरती चाललीय, महाराज. नावं ठेवायला उरलंय कोण?”

महाराज खो खो हसत सुटले. हसता हसताच त्यांनी बोट दाखवलं, “कंस!” कंसशास्त्री मटकन खाली बसले. महाराजांनी आपल्या गळ्यातला कंठा सगुणेला दिला आणि तिला यंत्रखात्याची प्रमुख करून टाकलं.

“चला शास्त्रीबुवा,” कंठा सावरत सगुणा म्हणाली, “उपरणं खोचा. मुदपाकखान्याची फाइल आधी!”