गोदा म्हैस आणि दोन करवती

यंत्रं माणसांशी उघडपणे वाद घालत, त्या काळातली ही गोष्ट. वादळात फणस गोठ्यावर कोसळला आणि गोदा म्हैस एका जाड फांदीखाली अडकली. बाहेर तिचं पाच दिवसांचं रेडकू भुकेनं ओरडत होतं.

लाकूडतोड्या बारकू धावत आला. दुकानदाराने त्याला पेट्रोलवर चालणाऱ्या दोन करवती पारखायला दिल्या होत्या, एक लाल आणि एक करडी. त्या दोन्ही त्याने आणल्या.

"मला घे," लाल करवत म्हणाली. "माझी ताकद जास्त. फांदीचे आत्ता तुकडे पाडते."

"आणि बारकूच्या कमरेचेही," करडी म्हणाली. "केवढी जड आहेस! मी हलकी, पेट्रोलही कमी पिते."

"कमी पितेस, कारण कामच कमी करतेस!"

बारकू एकदा हिला उचलून बघायचा, एकदा तिला.

"अहो, कुठलीही चालेल!" गोदा कळवळून म्हणाली.

"थांब गं," बारकू म्हणाला. "घाईत घेतली तर जन्मभर मलाच वापरायची आहे."

गोदाने सुस्कारा सोडला आणि पुढच्या खुरांनी मानेखालची ओली माती उकरायला घेतली. वाद पात्याच्या लांबीवरून साखळीच्या तेलावर पोचला, तोवर खड्डा पुरेसा झाला होता. पाठ सोलवटून घेत ती बाहेर आली आणि तिने रेडकाला पाजलं.

"गोदे, तूच सांग," बारकू म्हणाला. "यातली कुठली घेऊ?"

गोदाने शेपटी वर केली आणि तिथेच सावकाश शेणाचा पो टाकला.

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "दोघींची नुसती जीभच चालताना पाहिली."