दमलेली सलामी

"पण चाचा, पन्नास षटकं यष्टींमागे उठाबशा काढलेल्या पोरीला लगेच सलामीला कुठल्या तोंडानं पाठवू?"

शाल्मलीनं आपल्या जुन्या प्रशिक्षकांना, हमीदचाचांना विचारलं. शाल्मलीच्या वर्षभराच्या लेकीला मांडीवर घेऊन ते तिला चेंडूची शिवण दाखवत होते.

शाल्मली देशाच्या महिला संघाच्या निवड समितीत सगळ्यांत नवी. विश्वचषकाचा संघ आज दुपारी जाहीर व्हायचा होता. यष्टिरक्षक जुनमणीच, यावर सगळ्यांचं एकमत. तिनंच सलामीलाही जावं, हे मात्र एकट्या शाल्मलीचं म्हणणं, आणि आज तिलाच त्याची खात्री वाटेना. ते चुकलं, तर जुनमणीचं नुकसान आणि शाल्मलीचं हसं.

"समितीत म्हणाले, बाईंची झोप होत नाही, त्यातून सुचलंय हे." ती कसनुसं हसली. "असेलही. घराला कुलूप घातलं की नाही, तेसुद्धा आठवत नाहीये."

"ग्लोव्ह्ज घाल," चाचा म्हणाले.

"मी? आत्ता?"

...

मिरजेच्या याच मैदानावर चाचांनी तिला यष्टिरक्षक केलं होतं. 'का' विचारायची सोय तेव्हाही नव्हती.

जिल्ह्याच्या पोरींचा सराव चालला होता. शाल्मली यष्टींमागे बसली. गुडघे कुरकुरले, मग कंबर बोलू लागली. चाचांनी हात वर करेपर्यंत ती बसत राहिली, उठत राहिली. लेक केव्हाच झोपून गेली.

"आता पॅड बांध. सलामीला जा."

"चाचा, पाय उचलत नाहीत हो..."

चाचा लेकीवरच्या माश्या वारत राहिले.

समोर तबस्सुम, जिल्ह्यातली सर्वांत वेगवान. पहिला चेंडू बाहेर जाणारा. शाल्मलीनं सोडला. पूर्वी असल्या चेंडूमागे तिची बॅट हमखास जायची, आणि बॅटमागोमाग ती तंबूत.

दुसराही सोडला. तिसराही.

"ताई, बॅट आणलीय ना सोबत?" तबस्सुम ओरडली.

शाल्मलीला उत्तर द्यायचंही त्राण नव्हतं.

चौथा पायांवर आला. तिनं बॅट नुसती टेकवली. चेंडू थेट सीमेपार.

पुढचा सरळ, तबस्सुमच्या बाजूनं, तसाच. त्याच्या पुढचाही. तबस्सुम कमरेवर हात ठेवून बघतच राहिली.

"या बाई रिटायर झाल्यात म्हणे!"

तेवढ्यात फोन वाजला. समितीच्या अध्यक्षबाई.

"शाल्मली, शेवटचं विचारतेय."

"जुनमणी. यष्टींमागे तीच, सलामीलाही तीच." आवाज जराही कापला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"अगं, पण का?"

"सगळा डाव यष्टींमागून खेळपट्टी पाहिलेली ती एकटीच. चेंडू कुठे खाली राहतो, कुठे उसळतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"हं. पटतंय. ठरलं तर मग."

शाल्मलीनं शतक ठोकल्यासारखी बॅट उंचावली. पोरींनी टाळ्यांचा कडकडाट केला. लेक दचकून जागी झाली, आणि सगळे टाळ्या वाजवताहेत म्हणून तीही वाजवू लागली.

"पटलं त्यांना, चाचा! बरोबर कारण सांगितलं ना मी?"

"छान सांगितलंस."

"म्हणजे... दुसरं काही होतं?"

चाचांनी लेक उचलून तिच्या कडेवर दिली.

"ताजीतवानी असतीस ना बेटा, तर पहिल्याच चेंडूवर गेली असतीस."