लखलखीचं जाळं

त्या झुडपांच्या मुलखात घरटी एक जाळं टांगलेलं असे आणि संध्याकाळी त्यावर नाकतोडे नाचून दाखवत. ज्या किड्याच्या दारी जाळं नाही, त्याची पोरं शेजाऱ्याच्या अंगणात ताटकळत.

जाळी विणणाऱ्या कोळिणी दोन. थोरलीचं नाव जाडी; ती सुतळीसारखा भरड धागा काढी आणि एका माशीच्या बदल्यात जाळं देऊन टाकी. एका माशीत तिचं पोट काय भरणार? पण तिच्या जाळ्यांवर नाचणारा प्रत्येक नाकतोडा आपल्या बिदागीतला घास तिला आणून देई, आणि नाकतोडे होते शंभर. धाकटी लखलखी स्वभावाची मानी. तिच्या जाळ्याला बारा पदर, उन्हात त्यावर सातही रंग खेळत. किंमत सात माश्या. "धागा माझ्या पोटातून निघतो," ती म्हणे, "फुकट का वाटू?" तिचं चुकत होतं असंही नाही.

गिऱ्हाइकं येत, जाळं निरखत आणि विचारत, "यावर नाचतं कोण?" नाकतोड्यांकडे जावं तर ते विचारत, "किती घरांत टांगलंय?" एका जाळ्याचा ताण पायांत बसायला अख्खा हंगाम जाई, आणि एकदा बसला की दुसऱ्या जाळ्यावर पाय घसरत. लखलखीची घरं होती चार. चार घरांसाठी कोण हंगाम घालवतो?

एकटा टिपऱ्या नावाचा नाकतोडा आला. त्या रंगांवर भाळला होता खुळा. "मावशी, नाचीन तर तुझ्याच जाळ्यावर," म्हणाला आणि हंगामभर अर्धपोटी राहून पाय बसवत राहिला. लखलखीचा त्याच्यावर जीव होता, हे खोटं नाही.

जत्रेत तो नाचला. तसा नाच मुलखानं पाहिला नव्हता. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या भुंगेबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "आणखी कोण आहे?" आणखी कोणीच नव्हतं. गर्दी पांगू लागली तसा लखलखीचा धीर सुटला. "एका माशीला देते," ती म्हणाली. सात माश्या मोजलेली चार घरं थुंकून निघून गेली, पण नवी दहा घरं जागच्या जागी कबूल झाली. अट एकच, जाळं परवा दारात हवं, माशी मागाहून.

लखलखी विणायला बसली. धागा येईना. सात माश्यांच्या हट्टापायी तिच्या पोटात कित्येक दिवस काही गेलं नव्हतं, आणि रिकाम्या पोटातून धागा निघत नाही. जाडीकडे माश्या मागायला जाणं म्हणजे तिच्या दारात नाक घासणं. लखलखीनं जाळ्यावर दमून पडलेल्या टिपऱ्याकडे पाहिलं.

"मावशी, किती जाळी झाली गं?" त्यानं डोळे न उघडताच विचारलं.

"होतायत रे," ती म्हणाली आणि त्याच्याजवळ सरकली. शेवटी दोन हिरवे पंख तेवढे उरले. तेही तिनं वाया घालवले नाहीत.

ठरल्या दिवशी दहाही दारांत जाळी लागली. इतका चिवट धागा तिनं जन्मात काढला नव्हता. संध्याकाळी भुंगेबाईंच्या अंगणात सगळं घर सतरंजी टाकून बसलं. वाऱ्यानं जाळं हललं आणि त्यात हिरवी झाक चमकली.

"आला, टिपऱ्या आला," म्हणत पोरांनी टाळ्या पिटल्या.