जीव कोणी घातला?

कोणे एके काळी, रानातून राजवाड्याकडे धड वाटही नव्हती तेव्हाची ही गोष्ट. एका गावात धनुष्यं बनवणारा कारागीर राहत होता. हात कुशल, पण जीभ हाताच्याही पुढे धावायची.

एकदा त्याच्या बायकोने वाळवलेला कडू भोपळा खुंटीवरच्या धनुष्याला बांधून ठेवला. चुकून दोरीला हात लागला आणि सगळं घर घुमलं. ती खुळावल्यासारखी ऐकत राहिली. मग कामं उरकली की ती त्या धनुष्यापाशीच बसे. दांडा तिने सरळ केला, दोरीच्या जागी तारा ओढल्या, तारांखाली टेकू म्हणून लाकडाची छोटी घोडी बसवली. धनुष्याची वीणा झाली. तरी स्वर कोरडाच. शेवटी तिने पदराचं एक सूत काढून तार आणि घोडीच्या मध्ये सरकवलं. तार झणझणून उठली.

"अहो, आता हिच्यात जीव आला बघा!" ती म्हणाली.

"रिकामटेकडे उद्योग!" नवरा हसला.

पण पुढे राजाने दवंडी पिटवली, 'कधी न ऐकलेला स्वर आणील, त्याला दरबारी मान.' तेव्हा हाच नवरा वीणा उचलून निघाला. बायकोही मागोमाग गेली. दरबाराच्या दाराशी त्याने वीणा लख्ख पुसली. घोडीवर सूत दिसलं. 'राजापुढे ही चिंधी?' म्हणत त्याने ते उपटून फेकलं.

"ही कोणी घडवली?" राजाने विचारलं.

"मीच, महाराज. आणि हिच्यात जीव घातला, तोही मीच."

त्याने तार छेडली. आवाज आला तो नुसता भद्द. दरबार खो खो हसला. "जीव घातलास, तर गेला कुठं रे?"

कारागिराला दरदरून घाम फुटला. बायको 'जीव' म्हणाली ते त्याला कौतुकाचं बोलणं वाटलं होतं. ती त्या सुताला जीव म्हणत होती, हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं.

तेवढ्यात बायको पुढे आली. पदराचं सूत काढून तिने तारेखाली सरकवलं. "महाराज, वाटेत धागा निसटला. यांची काही चूक नाही."

वीणा गाऊ लागली. राजाने खूश होऊन कारागिराच्या खांद्यावर शेला घातला. तो शेला त्याला निखाऱ्यासारखा भाजला. एका शब्दात ती त्याला उघडं पाडू शकली असती. तिने त्याला झाकलं होतं! शरमेने त्याला तिच्याकडे बघवेना.

"महाराज," तो कसाबसा म्हणाला, "धागा निसटला नाही, मी फेकला. वीणा माझी नाही, हिची आहे."

राजाने शेला काढून तिच्या खांद्यावर घातला. "खरं बोललास, म्हणून शिक्षा नाही. पण खोटं बोलून मान घेऊ पाहिलास, म्हणून या दरबारात पुन्हा येऊ नकोस."

परतताना तो हळूच म्हणाला, "अगं, तू खरं का सांगितलं नाहीस?"

"तुमचं हसं झालेलं मला बघवेना."

हे ऐकून त्याची मान आणखीच खाली गेली.

पुढे दूरदूरचे लोक वीणा घ्यायला त्याच्या दारी येऊ लागले. "कोणी शोधून काढली ही?" असं कुणी विचारलं, की तो घरात हाक मारायचा, "अगं, बाहेर ये, तुला विचारताहेत."

तात्पर्य: दुसऱ्याचा मान आपला म्हणून मिरवला, की आपली मान खाली जाते.