कडेला बसलेली राणी

एका गावात एक भोळा माणूस राहायचा. नाव भागोजी. कुणी सांगितलेलं अक्षरही विसरायचा नाही, हीच तर पंचाईत.

त्याच्या बायकोला, गोमतीला, एक म्हैस हवी होती. पोरांना दुधाचा थेंब मिळेना म्हणून तिचा जीव तुटायचा.

एकदा भागोजीला वाटेत चेपलेला रुपया सापडला. तो घेऊन गडी आठवडी बाजारात विसाजी सराफांकडे गेला. विसाजी जुनी, चुकलेली नाणी विकत घ्यायचे.

"हा गाडीखाली चेपलाय," विसाजी म्हणाले. "नंतर खाल्लेल्या माराला मोल नाही. टाकसाळीतून निघतानाच चुकलेलं नाणं आण. खोट मूळची पाहिजे!"

"खोट मूळची पाहिजे," भागोजीने घोकलं.

परतताना माठ घ्यायचा होता. त्याने एक उचलला.

"तो ठेव बाबा," कुंभार म्हणाला. "भट्टीतूनच तडकून निघालाय."

"मूळचीच खोट? मग हाच द्या!"

घरी माठात ओतलेलं पाणी थेट चुलीत गेलं. गोमतीने कपाळावर हात मारला. "अहो, घरात आणण्याआधी टिचकी मारून आवाज तरी ऐकायचा!"

दुसऱ्या दिवशी सासरे यायचे होते. भागोजी त्यांना आणायला वेशीपर्यंत गेला आणि एकटाच परतला.

"आप्पा कुठायत?"

"वेशीवर बसवलेत. टोपी काढून टिचकी मारली. आवाज बद्द आला."

"माझ्या बापाला टिचकी?" गोमती कडाडली. "मोठ्या माणसाला असं कडेला बसवतात? हाताला धरून मधोमध आणून बसवावं!"

आप्पा आले, मधोमध बसले, जेवले. रागावले होते, तरी जाताना लेकीच्या हातावर जुना राणीछाप रुपया ठेवून गेले. भागोजी तो घेऊन विसाजींकडे धावला.

विसाजींनी भिंग लावलं. राणी पार कडेला सरकलेली, बाकीचा रुपया कोरा. उलटून पाहिला, तर मागचा ठसाही तसाच सरकलेला. घावाची खूण कुठेच नाही.

"अस्सल! टाकसाळीतच चुकलाय! पुढच्या बाजाराला शौकीन गिऱ्हाईक येतंय. एक म्हैस सहज येईल."

घरी हे ऐकून गोमतीला आनंदाने रडूच आलं. तिने त्याच दिवशी म्हशीसाठी नवं दावं वळलं.

बाजाराच्या दिवशी दावं घेऊन तीही गेली. भागोजीने ऐटीत पुडी सोडली. आत रुपया पापडासारखा पसरलेला. राणीला ना नाक, ना डोळे.

"हे काय केलंस?" विसाजी किंचाळले.

"राणी म्हणजे केवढं मोठं माणूस! कडेला बसलेली बरी दिसते का? घणाने ठोकून ठोकून मधोमध आणली."

"अरे, मातीमोल केलास रुपया! लहानपणी डोक्यावर पडला होतास का?"

"छे! आई सांगायची, मी जन्मापासूनच असा." बोलता बोलता भागोजीचा चेहरा उजळला. "म्हणजे खोट मूळची!" तो टुणकन उडी मारून सराफांच्या तराजूशेजारी जाऊन बसला. "बोला, माझे किती देता?"

 गोमतीने नवं दावं भागोजीच्या गळ्यात अडकवलं आणि भर बाजारातून त्याला ओढत घरी नेलं.