रुमालाखालचा दर

एकदा एका पेठेत, जेथे हळदीचा दर तोंडाने कधी उच्चारला जात नसे, एक वृद्ध अडत्या राहत होता. विकणारा व घेणारा रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरवीत; तिसऱ्याला तो कळत नसे. वृद्धाचा तिशीतला शिष्य विश्वनाथ हीच बोटांची भाषा शिकत होता.

एका सकाळी हौसाबाई आली. ती दोन शेजारणींसह घरी कुंकू बनवीत असे.

“अप्पा, ह्यो शेवटचा फेरा. हळद परवडत न्हाई. आता परात पालथी घालते, धंदा बंद. पण त्या दोघींना काय सांगू?”

“थोडा दर कमी करा ना,” शिष्य हळूच म्हणाला.

वृद्धाने खांद्यावरचा रुमाल काढून गादीवर, स्वतःशेजारी अंथरला. “बस इथं, पोरी.”

“अवं, लुगड्याला कुंकू लागलंय माझ्या!”

“रुमालाला हळद आहेच. कुंकू लागलं तर शोभेल.”

त्या दिवशी वृद्धाने प्रत्येक सौदा उघड्या हाताने केला आणि दर मोठ्याने सांगितला.

“अप्पा, म्हातारचळ लागला काय?” एक व्यापारी हसला.

“लागला असेल. अख्ख्या हळकुंडाचा दर सांगितला. मोडक्या तुकड्यांचा, कणीचा, त्याच्या निम्मा. बोल!”

हौसाबाई चमकली. “कणी कशाला नेत्यात?”

“दळायला.” वृद्धाने एक तुकडा फोडून तिच्या तळहातावर ठेवला. आतला रंग तोच होता.

“म्हंजे इतकी वर्षं मी चकचकीत हळकुंडं घेऊन जात्यात घालत हुते?” ती खळखळून हसली, मग पदराने डोळे पुसू लागली. “मला कुणी सांगितलंच न्हाई, अप्पा.”

“आम्ही रुमालच काढला नाही, पोरी.”

कणीची दोन पोती घेऊन ती गेली, तेव्हा शिष्याने विचारले, “दर कमी केला असता, तरी ती सुखावली असती. मग पिढ्यांची रीत का मोडली?”

वृद्ध म्हणाला, “तो दर तिने मान खाली घालून घेतला असता आणि पुढल्या हंगामात पुन्हा माझ्या मर्जीकडे पाहिले असते. कसब तिच्या हातात होते, कष्ट अंगात होते. कोणता माल कोणत्या दराने, कशासाठी जातो, एवढेच ठाऊक नव्हते. मोठ्या व्यापाऱ्याला ते दहा ठिकाणांहून कळते. लहानाला एकच दार असते. ते मी चाळीस वर्षे झाकून बसलो होतो.”



पुढल्या हंगामात हौसाबाई आली, तेव्हा तिच्या हाताखाली पाच जणी होत्या. पायरीवरूनच तिने खणखणीत आवाजात कणीचा दर विचारला. वृद्धाची दृष्टी आता मंदावली होती. गादीवर विश्वनाथ होता. हौसाबाईच्या मागे घरगुती मसाले करणारी एक नवखी बाई संकोचून उभी होती.

विश्वनाथने खांद्यावरचा रुमाल काढला आणि तिच्यासाठी अंथरला.