पेढेवाला आणि मोरपंखी मोटार

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात एक पेढेवाला होता. गोष्ट राजाराणीच्या काळातली नाही बरं का. तेव्हा मोटारी होत्या, आणि मोटारींवर जीव टाकणारी माणसंही होती. हा पेढेवाला त्यांतलाच एक.

माणूस सरळ. दूध स्वतः पारखायचा, खवा स्वतः भाजायचा, आणि कालचा पेढा आजचा म्हणून कुणाच्या हातावर कधी ठेवायचा नाही. उरलेले पेढे वेगळ्या परातीत, तेही सांगून. गावात कुणी स्कूटर घेवो, ट्रॅक्टर घेवो की ट्रक, पेढे याच्याकडूनच जायचे. तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या गाड्यांचे पेढे वळले आणि स्वतः सायकल चालवली.

पण मनात एक गाडी होती. तरुणपणी एकदा एक परगावचा पाहुणा घाट चढण्याआधी दुकानासमोर थांबला होता. त्याची मोटार बुटकी, दोनच दारांची, रंग मोरपंखी. पाहुण्यानं पेढे घेतले, गाडी सुरू केली, आणि असा काही आवाज झाला की पेढेवाल्याच्या हातातला तराजू तसाच राहिला. नवी तशी गाडी घ्यायची म्हणजे सात जन्म खवा भाजायला हवा. पण जुनी मिळते म्हणे, असं त्याच्या कानावर आलं, आणि तेव्हापासून त्याला चैन पडेना.

पन्नाशी उलटल्यावर त्यानं मनाचा हिय्या केला आणि दुकानामागची मोकळी जागा विकून टाकली. तिथं मोठी भट्टी घालायची असं नवराबायकोचं ठरलेलं होतं.

बायको म्हणाली, "अहो, दोन माणसांची गाडी! पोरांना काय टपावर बसवणार?"

"टप उघडतो तिचा," पेढेवाला म्हणाला.

कपाळावर हात मारून बायको आत निघून गेली.

शहरात एक व्यापारी होता. मोठ्या लोकांनी वापरून सोडलेल्या मोटारी घासूनपुसून विकायचा. त्याचा निरोप आला, "शेठ, तुम्हाला हवी तशी गाडी आली आहे. मोरपंखीच. उद्या या."

आणि इथं पेढेवाल्यानं अशी चूक केली, जी फक्त पेढेवालाच करू शकतो. लोक गाडी घेतात आणि मग पेढे वाटतात. याचे पेढे घरचेच, आणि आनंद काही पोटात मावेना. सकाळी निघायच्या आधीच त्यानं अख्ख्या पेठेत पेढे वाटले.

"कसले हो अण्णा?" लोक विचारत.

"गाडी घेतली!"

"अहो, मग आहे कुठं?"

"आणायलाच चाललोय!"

सोबत त्यानं गावातला म्हातारा मिस्त्री घेतला. मिस्त्रीचा जन्म ट्रॅक्टरखाली आडवं पडण्यात गेलेला. त्याच्या हातावरही पेढा पडला, तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, गाडी बघायच्या आधीच पेढे?"

"तू तोंड गोड कर आणि चल गुपचूप," पेढेवाला म्हणाला, आणि दोघं एसटीत बसले.

व्यापाऱ्याचं दुकान म्हणजे नुसता लखलखाट. थंडगार सरबत आलं, गुबगुबीत खुर्च्या आल्या. समोर मोरपंखी मोटार उभी, अंगावर एक ओरखडा नाही. व्यापाऱ्यानं किल्ली फिरवली आणि तोच आवाज झाला. तीस वर्षांपूर्वीचा! पेढेवाल्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मिस्त्रीनं मात्र गाडी चालू करण्याआधीच तिच्या नाकाडावर तळवा ठेवून बघितला होता. तो म्हणाला, "साहेब, आम्ही यायच्या आधीच इंजिन गरम कसं?"

"सकाळी धुवायला हलवली होती," व्यापारी म्हणाला.

"मग आम्ही उद्या सकाळी येतो. रात्रभर गार झालेलं इंजिन चालू करून बघू. अण्णा, गरम इंजिनात दोष कळत नाही. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

व्यापाऱ्याच्या कपाळाला आठी पडली. पण तो धंद्यात मुरलेला. त्यानं पेढेवाल्याकडं वळून गोड आवाजात विचारलं, "उद्या या की. पण काय हो शेठ, गावात सांगितलंय का, गाडी घेतोय म्हणून?"

"सांगितलंय? पेढे वाटून आलोय!" पेढेवाला छाती फुगवून म्हणाला.

झालं. व्यापारी खुर्चीत ऐसपैस रेलला. आता हा माणूस रिकाम्या हातानं गावात जायचा नाही, हे त्याला कळून चुकलं. "संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे," तो म्हणाला. "त्यांनी नेली तर मला बोल लावू नका."

पेढेवाल्याच्या डोळ्यांसमोर गावचा स्टँड आला. पेठेतली सगळी माणसं जमलेली, बायकोच्या हातात ओवाळायचं ताट, आणि आपण एसटीतून उतरतोय. मिस्त्रीनं दोनदा बाही ओढली, पण त्यानं बाही सोडवून घेतली आणि सही केली. कागदावर लिहिलं होतं, गाडी जशी आहे तशी घेतली, मागाहून तक्रार चालणार नाही. ते त्यानं वाचलं नाही असं नाही. वाचलं, आणि पान उलटलं.

तो एक दिवस मोठ्या थाटाचा गेला. पेठेत गाडी आली, ओवाळणी झाली, पोरांनी हॉर्न वाजवून वाजवून गाव डोक्यावर घेतलं. बायकोही हळूच शेजारच्या सीटवर बसून बघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेढेवाल्यानं किल्ली फिरवली. खड्‌खड् असा आवाज झाला, मागून निळा धूर निघाला आणि गाडी बंद पडली. पुन्हा तेच. मिस्त्री आला, खालचा गालिचा उचकटला, इंजिन उघडलं. सगळीकडं वाळलेला गाळ.

"पुरात बुडालेली गाडी आहे अण्णा," तो म्हणाला. "गरम केली की चालते, गार झाली की हे असं. नीट करायची तर घेतली त्याच्या निम्मे पैसे आणखी लागतील."

मिस्त्री 'मी सांगत होतो' असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं पेढेवाल्याला वाटलं.

तो तणतणत शहरात गेला. व्यापाऱ्यानं सरबत मागवलं, शांतपणे ऐकून घेतलं, आणि तोच कागद पुढं केला.

"शेठ, चिडू नका. मलाही ही अशीच मिळाली होती. मी तुम्हाला दिली, तुम्ही कुणाला तरी द्या. गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी चालू करून ठेवायची. एवढंच करायचं असतं."

पेढेवाला सरबत न पिता उठला. पण ते वाक्य काही त्याच्या डोक्यातून उठलं नाही. जागा गेली होती, भट्टी गेली होती. बायको भांडत नव्हती, ती नुसतं कामापुरतं बोलत होती. ते त्याला जास्त लागत होतं. आठ दिवस तळमळून त्यानं गाडी विकायला काढली.

शेजारच्या गावात जनावरांची डॉक्टरीण होती. वीस वर्षं स्कूटरवरून गोठे पालथे घातलेली. तिचा निरोप आला, "काका, तुमची मोटार मला बघायची आहे. सकाळी आठला येते."

त्या दिवशी पेढेवाला साडेसातला गाडीपाशी गेला. चौथ्यांदा किल्ली फिरवली तेव्हा कुठं गाडी सुरू झाली. त्यानं ती तशीच चालू ठेवली, मागचा धूर विरून जाईपर्यंत. मग बंद केली आणि दुकानात जाऊन बसला. हात खवा मळत होते, पण नजर रस्त्यावर होती. मिस्त्री समोरच्या ओट्यावरून सगळं बघत होता. तो तोंड फिरवून बसला.

डॉक्टरीणबाई आली. गाडी बघून तिचा चेहरा फुलला. पेढेवाल्यानं किल्ली फिरवली, गाडी झोकात सुरू झाली. एक चक्कर झाली. बाई खाली उतरली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं.

"काका, लोक हसतील मला. शेणामातीत फिरणारी बाई, आणि गाडी बघा कसली! पण आयुष्यात एक तरी गोष्ट स्वतःसाठी घ्यावी ना माणसानं?"

"घ्यावी की," पेढेवाला म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"मी मेकॅनिक आणणार होते. आई म्हणाली, पेढेवाल्याकडं चाललीस ना, मग कशाला? तो माणूस शिळा पेढासुद्धा सांगून देतो." तिनं पर्समधून चेकबुक काढलं. "काही बघायचं राहिलं का काका? तुम्हीच सांगा."

एक 'नाही' म्हटलं की जागेचे पैसे परत. भट्टी परत. बायकोचं बोलणं परत. ती बाई आपल्याकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर तस्साच आनंद होता, जसा सही करताना आपल्या तोंडावर असेल. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"बाई, ते चेकबुक आत ठेवा," तो म्हणाला. "चहा घ्या. दुपारपर्यंत थांबायची तयारी आहे का? गाडी गार होऊ द्या, मग चालू करून बघा. तुम्ही यायच्या आधी मी ती मुद्दाम गरम करून ठेवली होती. पुरात बुडालेली आहे ती."

बाईचं हसू मावळलं. मग म्हणाली, "गरम केलीत तेव्हा मला फसवायचंच होतं ना?"

"हो," पेढेवाला म्हणाला.

"मग आता का सांगितलंत?"

"ते काही मला धड सांगता यायचं नाही. पण तुम्हाला गाडी देऊन मला घरात जाता आलं नसतं."

डॉक्टरीणबाई चहा न घेताच गेली. जाताना 'येते' म्हणाली, तेही कोरडंच. समोरच्या ओट्यावरून मिस्त्री उठला आणि येऊन पेढेवाल्याच्या शेजारी बसला. आतून बायको आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"गेली का हो ती?"

"गेली. आणि भट्टीही गेली समज."

"जाऊ दे," ती म्हणाली. "आहे ती भट्टी काही वाईट नाही." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्याजवळ बसली.

त्याच दुपारी पेढेवाल्यानं खोक्याचा मोठा पुठ्ठा कापला, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं आणि तो गाडीच्या काचेवर लावला: 'विकणे आहे. पुरात बुडालेली. गार असताना चालू होत नाही. दुरुस्तीला खूप खर्च येईल.'

गाव खो खो हसलं. "अण्णा, हे विकायचं लिहिलंय की हाकलायचं?" जो तो विचारायचा. पेढेवालाही हसायचा. महिने गेले, पुठ्ठा उन्हानं पिवळा पडला. गाडीकडं कुणी फिरकलं नाही.

मग एके दिवशी घाटाकडं जाणारा एक माणूस दुकानासमोर थांबला. जुन्या मोटारी दुरुस्त करायचा त्याला नाद होता, हात नेहमी काळे. त्यानं पुठ्ठा वाचला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि किंमत विचारली. पेढेवाल्यानं घेतली त्याच्या निम्मी सांगितली. माणसानं मान डोलावली.

"घेतो," तो म्हणाला.

"अहो, थांबा थांबा!" पेढेवाला घाबरलाच. "रात्रभर गाडी गार होऊ द्या. उद्या सकाळी हा मिस्त्री तुम्हाला सगळं उघडून दाखवेल. असं न बघता घेऊ नका."

तो माणूस हसला. "शेठ, या वर्षात मी चौदा गाड्या बघितल्या. दलालाच्या बघितल्या, घरच्या मालकांच्या बघितल्या. प्रत्येक जण म्हणाला, काहीही दोष नाही. त्या सगळ्या मी नखशिखांत तपासल्या, आणि तरी दोनदा फसलो. तुम्ही स्वतःच्या हातानं एवढं सगळं लिहून ठेवलंय, आता आणखी काय तपासू?"

फसवला गेला तेव्हा पेढेवाला रडला नव्हता. व्यापाऱ्यानं कागद पुढं केला तेव्हाही नाही. आता मात्र त्याला धोतराच्या सोग्यानं डोळे पुसावे लागले, आणि मिस्त्री उगाचच दुसरीकडं बघत राहिला.

तात्पर्य: आपण फसलो, हे दुसऱ्याला फसवायला कारण होत नाही. लबाडी आपल्या दारी आली, तर तिला पुढच्या दारी पाठवू नये. तोटा सोसून तिथंच थांबवावी. ज्यानं ती थांबवली, त्याच्या शब्दावर परका माणूससुद्धा डोळे मिटून विश्वास टाकतो.